गुलमोहर, छाटणी आणि माझी सही

'एक वृक्षप्रेमी, नेरूळ' यांस,

नमस्कार. आमचा गुलमोहर उतरवला त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला दहा दिवस लागले, कारण आधी दोनदा लिहिलेलं उत्तर रागातलं होतं आणि पाठवण्यासारखं नव्हतं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी एवढी वर्षं झाडांवर लिहिते आणि ठाण्यात नौपाड्यातल्या स्वतःच्या दारातलं जुनं झाड मात्र तोडू देते, छाटणी करून भागलं असतं, पोकळ खोड ही सबब आहे, येऊरच्या जंगलात अशी पोकळ झाडं खुशाल उभी असतात, परवानगी हा कागदी खेळ आहे, आणि शेवटी, "पार्किंगला जागा हवी होती असं सरळ लिहिलं असतंत, तर निदान प्रामाणिक वाटलं असतं."

पार्किंगचं आधी उरकते. गुलमोहर होता ती जागा गेट आणि जिना यांच्या मधोमध आहे. तिथे गाडी लावली तर दूधवाल्यालाही आत येता येणार नाही. आज तिथे बुंध्याचं खोडकं आहे आणि त्याच्याभोवती मातीचं आळं. पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला होता, तो मी हाणून पाडला. झालं.

आता छाटणी. "छाटून भागलं असतं" या तुमच्या वाक्यावर मी अडले, कारण ते झाड छाटणीनंच गेलं. आणि त्या छाटणीच्या व्हाउचरवर माझी सही आहे.

2012 सालचा मे महिना. मी तेव्हा सोसायटीची खजिनदार होते. गुलमोहराच्या फांद्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकायला लागल्या होत्या, पावसाळा तोंडावर होता, म्हणून ठेकेदार बोलावला. परवानगी फांद्या छाटायची होती. मी संध्याकाळी बँकेतून घरी आले तेव्हा झाडाचं मुंडण झालेलं होतं. मांडीएवढ्या जाड चार खांद्या डोक्याच्या उंचीवरून सपाट कापलेल्या, एकाही डहाळीवर पान नाही, आणि कापांवर डांबर फासलेलं. "ताई, आता पाच वर्षं बघायला नको," ठेकेदार म्हणाला. मी 4,000 रुपये दिले. खरं सांगते, मला ते नीटनेटकं वाटलं होतं.

दीड महिन्यात त्या चारही ठोकळ्यांच्या कडेनं झुबक्यांनी फुटवे आले. सगळे खूश: बघा, झाड कसं जोमानं फुटलं! तो जोम नव्हता. पानं गेली म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर गेलं. साठवलेलं होतं नव्हतं ते खर्चून त्यानं घाईघाईनं पानं काढली होती. मूळची फांदी खोडात वर्षागणिक गुंफत जाते, खोड तिच्याभोवती थरावर थर चढवतं. फुटव्याचं तसं नसतं. तो सालीखालून निघतो आणि वरच्यावर चिकटून वाढतो. पाच-सात वर्षांत तो मनगटाहून जाड होतो, दहा-बारा फूट वर जातो, आणि त्याच वेळी ज्या ठोकळ्यावर तो उभा आहे तो आतून कुजत चाललेला असतो.

कुजतो, कारण झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून हेच दाखवलं. झाड जखमेच्या आत भिंती घालून कूज कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. गेलेलं लाकूड गेलंच. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर गळपट्टा असतो. त्याच्या लगेच बाहेर काप घेतला तर झाड तो काप बाहेरून झाकून टाकू शकतं. मधेच कुठेतरी ठोकळा ठेवून कापलं तर झाकणार कशानं? डांबरानं तर ओल आत राहते. (बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात, ते निदान बुरशीनाशक तरी आहे. डांबराचा उपयोग कापणाऱ्याचं काम झाल्यासारखं दिसावं एवढाच.) त्यातून गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, कूज अडवण्यात कच्चं. मुळंही उथळ, आणि 2015 साली पाइपसाठी चर खणला तेव्हा जिन्याच्या बाजूची मुळं तोडली गेली होती. तेव्हा कोणी 'अरे' म्हणालं नाही. मीही नाही.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. दुपारी गुलमोहराचा एक फुटवा, एव्हाना चांगला पोटरीएवढा झालेला, खाली दोन स्कूटरवर आला. माणसं सगळी घरात होती म्हणून वाचली. मी संध्याकाळी तुटलेली जागा पाहायला गेले. फांदी तुटते तेव्हा लांब चिरफळ्या निघतात. इथे तर भिंतीचा पोपडा सुटावा तशी ती सुटली होती. मागे काळपट, ओलसर, बोटानं उकरता येईल असं लाकूड.

मग 2023 च्या पावसाळ्यात बुंध्याशी, मातीच्या अगदी वर, सुपासारखं एक तपकिरी भूछत्र आलं. कडेला पांढरी किनार, लाकडासारखं कडक. मुलं त्यावर पाय देऊन उभी राहायची. असं भूछत्र बुंध्यावर आलं की आत बरंच काही संपलेलं असतं. डिसेंबरात झाडांची पाहणी करणाऱ्या एका जाणकारांना बोलावलं. त्यांनी काही मोठं यंत्र आणलं नव्हतं. लाकडी हातोडा घेऊन त्यांनी बुंध्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, दर वितीवर एक टोला. भिंतीच्या बाजूला आवाज 'टक टक' येत होता. जिन्याच्या बाजूला आल्यावर तो 'ढब ढब' झाला. तळमजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पिकला फणस."

खोडाचा घेर 220 सेंटिमीटर भरला, म्हणजे त्रिज्या साधारण 35. ढोबळ नियम असा की पोकळ खोडात बाहेरचं घट्ट लाकूड त्रिज्येच्या तीसएक टक्के जाड हवं, म्हणजे इथे दहा सेंटिमीटर. जिन्याच्या बाजूला बारीक छिद्र पाडून मोजलं तर पाचही नव्हतं. तुम्ही म्हणता तशी पोकळ झाडं उभी असतात, अगदी खरं. नळी पोकळ असूनही उभी राहतेच. म्हणून नुसत्या ढोलीवरून झाड तोडायला मी कधीच हो म्हणणार नाही. इथे नळीची एक बाजू कागद झाली होती, त्याच बाजूची मुळं तुटलेली होती, आणि वरचा सगळा भार उसन्या फुटव्यांवर होता.

येऊरचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो अर्धा बरोबर आहे. तिथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, ते झाड असतं तर मीच त्याला हात लावू दिला नसता. घुबडानं घर केलं असतं, दहा वर्षांनी ते सावकाश आडवं झालं असतं. धोका म्हणजे झाड पडण्याची शक्यता आणि खाली कोण आहे, या दोन्हींचा हिशेब. आमच्या झाडाखालून रोज सकाळी पावणेसातला शाळेची मुलं जातात. खालची वर्दळ हलवता आली तर झाड ठेवता येतं, म्हणून आम्ही आधी तेच पाहिलं. गेट हलवायचं? मागे नाला. जिना तर हलत नाही. उंची आणखी कमी करायची? म्हणजे 2012 पुन्हा, तेही उरलेल्या पाच सेंटिमीटरवर. पुनर्रोपणाचं कोणीतरी सुचवलं होतं. पोकळ बुंधा आणि अर्धी मुळं घेऊन कुठे लावणार?

परवानगी कागदी खेळ आहे का? 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा शहरातल्या खाजगी आवारालाही लागू आहे. 'आमच्या जागेतलं आमचं झाड' हे चालत नाही. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, पाहणी, वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस, हरकतींसाठी वेळ, एवढं सगळं होतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. वय काढणं हेच मोठं काम झालं. आजींच्या मुलाची मुंज 1983 च्या मे महिन्यातली, आणि त्या पावसाळ्यात त्यांनीच रोप लावलेलं. ठाणे महापालिका 1982 च्या ऑक्टोबरात झाली, म्हणजे आमचा गुलमोहर तिच्यापेक्षा वर्षाच्या आतबाहेरच लहान. मे 2024 ला उतरवला. 41 व्या वर्षी.

इथे मात्र तुमच्या दोन गोष्टी मी मान्य करते. नोटीस कोणाला दिसली, असं तुम्ही विचारलंत. ती उन्हानं आणि मुलांच्या हातानं फाटू नये म्हणून मीच काढून भिंतीकडच्या बाजूला चिकटवली होती. हेतू चांगला होता, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. दुसरं, 41 रोपं. आमच्या आवारात दोन मावली, एक बकुळ आणि एक सीताअशोक. उरलेली 39 दाखवून दिलेल्या मोकळ्या जागेत त्या पावसाळ्यात लावली. दिवाळीनंतर मी मोजायला गेले तेव्हा 24 हिरवी होती. पाणी कोण घालणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मूळ लेखात मी 'आम्ही 41 झाडं लावली' असं लिहिलं आणि तिथेच थांबले. तिथे तुमचा राग रास्त आहे.

पण त्याच महिन्यात आम्ही काय तोडलं नाही, तेही सांगू द्या. मागच्या आंब्यावर सहा तक्रारी होत्या. तुडतुड्यांचा चिकटा गाड्यांवर पडतो, पन्हळीत पाला अडकतो, मुळं पाया उचलतील, अंधार होतो, वगैरे. चिकटा पाण्यानं धुतला जातो. पन्हळ साफ करायला वर्षातून एक माणूस एक सकाळ पुरतो. मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीत पसरतात. ती फरशी उचलतात, आधीच गळणाऱ्या गटारात शिरतात, पण आरसीसीची इमारत उचलत नाहीत. (भिंतीच्या फटीतला पिंपळ ही वेगळी गोष्ट. तो बोटभर असतानाच काढा, नमस्कार करून काढा हवं तर.) आंब्याची एक फांदी खरोखर पत्र्यावर घासत होती. ती मेअखेर, फळं उतरल्यावर कापली आणि मी पूर्ण वेळ खाली उभी राहिले. कापणाऱ्या मुलानं आधी खालून अर्धा काप घेतला, मग थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलत गेली नाही; उरलेला ठोकळा शेवटी गळपट्ट्याबाहेर. एक फांदी, चाळीस मिनिटं. कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाच्या फक्त वाळक्या फांद्या काढल्या. पिठ्या ढेकणानं या भागातले कितीतरी पर्जन्यवृक्ष गेले, आमचा अजून तग धरून आहे. तोही गुलमोहरासारखाच परदेशी, त्यामुळे 'परकी झाडं नकोत' हे माझं म्हणणं असल्याचा तुमचा तर्क मात्र चुकला.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ आहे, घाईत लिहिल्यासारखी: तुमच्या सोसायटीतही एक जुना पीतमोहर आहे आणि कमिटी 'माथ्यावरून थोडा कमी' करायचं म्हणते आहे. मला वाटतं तुमचा खरा राग तिथे आहे. तसं असेल तर 'माथ्यावरून' हा शब्द ठरावातून काढून घ्या. वाळलेल्या फांद्या कोणत्या, इमारतीला घासणारी कोणती, वायरवर आलेली कोणती, हे फांदीगणिक लिहून घ्या. हिरव्यापैकी पाव भागाहून जास्त एका वर्षात जाऊ देऊ नका. कापणारे येतील तेव्हा स्वतः खाली थांबा, बँकेत जाऊ नका. आणि पावसाळा सुरू झाला असेल तर आधी दुर्बिणीतून शेंडा पाहा: बगळे याच दिवसांत घरटी करतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात वन्य पक्ष्यांची घरटी किंवा अंडी नासवणं शिकारीतच मोडतं. कमिटीला पक्ष्यांचं काही वाटत नसलं तरी या वाक्याचं वाटतं.

तोडायचं की ठेवायचं हे मला इथून सांगता येणार नाही. चार गोष्टींचे फोटो पाठवा: बुंधा चारही बाजूंनी, मातीला टेकतो तिथपर्यंत, दोन मोठ्या खांद्या जिथे फुटतात ते बेचकं, तिथे साल आत चिमटली आहे का ते दिसेल असं, जुने काप असतील तर ते, आणि झाड ज्या बाजूला कललं आहे त्याच्या उलट बाजूची जमीन, तिथे भेग पडली आहे किंवा माती फुगली आहे का. घेर फूटपट्टीनं नको, शिंप्याच्या टेपनं मोजा, छातीच्या उंचीवर. गॅलरीतून काढलेले फोटो नकोत. वरून सगळीच झाडं छान दिसतात.