पुण्याचं काम राहू द्या, पगाराचं बोला

परवा सांगलीच्या विश्रामबागेत भाजी घेताना शेजारच्या काकूंनी गाठलं. "अगं, आमच्या पोरीला तुझं ते बीएड करायचंय. स्पेशलवालं, दिव्यांग मुलांना शिकवायचं. पुण्याचं काम आहे म्हणा, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय असतं ते मला चौदा वर्षांपासून पाठ आहे. वांगी निवडता निवडता सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी त्या पुण्याचं बघू. हा शब्द मला फार महागात पडलाय. एकदा का काम पुण्याचं ठरलं, की मानधन तीन महिने रखडलं तरी बोलायचं नाही, आणि रजा मागितली की "मॅडम, तुमची तर सेवा आहे" हे ऐकायचं. दातांच्या डॉक्टरला कुणी म्हणतं का, किती पुण्याचं काम करता, तेवढी दाढ फुकट काढा? आमचं काम हे कसब आहे. शिकावं लागतं, हात बसावा लागतो.

एक उदाहरण सांगते. जतकडच्या एका गावात दहा वर्षांचा मुलगा, बौद्धिक दिव्यांगत्व. शर्टाची बटणं रोज आई लावायची. आई म्हणाली, "त्याला न्हाई जमायचं ओ बाई, लई येळा बघितलं." मी घरी येऊन स्वतःच्या शर्टाला बटण लावत एकेक हालचाल कागदावर उतरवली. नऊ पायऱ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीपासून आठ पायऱ्या मी करायची आणि काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढून घेणं एवढंच त्याच्यासाठी ठेवायचं. म्हणजे रोज काम त्याच्याच हातून पूर्ण व्हायचं. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. आई रोज पहिल्या पायरीपासून सुरू करत होती, तो तिसऱ्या पायरीला अडायचा आणि बटण आईच लावून टाकायची. चूक तिची नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सात आठवडे लागले. प्रेम तर तिचं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

आता काकूंच्या लेकीसाठी. बारावीनंतर डीएड स्पेशल, पदवीनंतर बीएड स्पेशल, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. बीएडसाठी राज्याची सीईटी आहे, साध्या बीएडची आणि स्पेशलची एकच. पण कॉलेज बघताना इमारत, वसतिगृह नंतर बघा. आधी अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, यादीत ते कॉलेज आणि तो कोर्स आहे का ते तपासा. हजारदा सांगते, कारण सहा महिन्यांत 'ऑटिझम एक्सपर्ट' करून देणाऱ्या एका क्लासला माझ्या मैत्रिणीने पैसे भरले आणि हातात आलं ते फ्रेम करण्यालायक प्रमाणपत्र. आरसीआयचा कायदा १९९२चा आहे. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलंय. हजार रुपये वाचून हसू येतं, पण नोंदणी क्रमांक नसेल तर सरकारी जाहिरातीत तुमचा अर्ज छाननीतच बाद होतो. हा क्रमांकही कायमचा नसतो, नूतनीकरणासाठी प्रशिक्षणं करत राहावी लागतात.

दुसरं, विषय कोणता घेणार ते आधी ठरवा. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, प्रत्येकाचं जग वेगळं. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे मला अजून सफाईने जमत नाही. मुंबईला जायची तयारी असेल तर एसएनडीटीचा जुहूचा विभाग आहे, श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. कोयना एक्सप्रेस पकडली की पोचलात. मुलीला एकटं पाठवायचं का, हा मात्र काकूंच्या घरातला प्रश्न, त्यात मी पडत नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर गरज आहे आणि पदं नाहीत, अशी वर्षं आम्ही काढली. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. मुलं कागदावर वाढली, शिक्षक कंत्राटीच राहिले. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. मार्च २०२५मध्ये पदं मंजूर करून भरा म्हणून राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. आपल्या राज्याने २०२४मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या प्रत्येक गटासाठी, ४,८६० पदं मंजूर केली, एवढं मात्र पहिल्यांदाच घडलं.

शाळेबाहेरही वाटा आहेत, त्या फारशा कुणी सांगत नाही. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान बाळांसोबत काम करायला विशेष शिक्षकाचं पद असतं. सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक नेमावा लागतो. सांकेतिक भाषेचे दुभाषे हवेत. आणि सांगली-मिरजेत दवाखाने एवढे, की निदान करून घ्यायला आलेले आईबाप पुढे "आता शिकवणार कोण?" विचारत बाहेर पडतात. त्यांच्यासाठी स्वतःचं केंद्र काढणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी आज माझ्यापेक्षा बऱ्या कमावतात.

खासगी शाळेत जाणार असाल तर मुलाखतीत एकच विचारा, मला मुलं किती आणि खोली कुठली. माझ्या पहिल्या शाळेत मी तपासणीच्या फाईलमध्ये 'विशेष शिक्षिका' होते आणि एरवी जो कोणी रजेवर असेल त्याच्या तासाला. वाचनाची अडचण असलेल्या एका मुलीला मी वर्षभरात मोजून अकरा तास शिकवलं. ती आता कुठे असते माहीत नाही. त्या अकरा तासांची टाचणं मी अजून फेकलेली नाहीत.

हे सगळं काकूंना न सांगता मी लेकीलाच मंगळवारी माझ्या रिसोर्स रूमला, म्हणजे मी या मुलांना शिकवते त्या खोलीत, बोलावलं. म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी अर्धा दिवस बस. बसली. काही बोलली नाही, फक्त निघताना पायऱ्यांचा तो कागद मागून नेला.

काल रात्री काकूंचा फोन. "काय दाखवलंस गं तिला? दुपारपासून धाकट्याला धरून बसलीय, शर्टाची बटणं काढतेय आणि लावतेय."