बेटावर जोडीनं जाताना

लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय? बायको 'कुठंतरी समुद्रावर जाऊ या' म्हणतेय? मग गोव्यात या आणि आयलंड हॉपिंग करा. म्हणजे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर टुणकन उडी मारायची, तीही जोडीनं. खाली दिलेल्या सूचना पाळल्यात तर दिवस जन्मात विसरणार नाही.

मी फोंड्याचा. जन्म गोव्यात गेला, पण ग्रांद बेट काही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे समुद्राशी संबंध येतो तो नुस्त्यापुरता, म्हणजे मासळीपुरता, आणि तीही बाजारात येते. बायको माहेरची साताऱ्याची. सोळा वर्षं संसार केल्यावर ती परवा म्हणाली, "अहो, सगळं जग तुमच्या गावात येऊन मजा करून जातं. मी इथं राहून काय पाहिलं? मंगेशी आणि म्हापशाचा बाजार." खरं असल्यामुळे झोंबलं. मागच्या रविवारी गेलो. त्या एका दिवसाच्या भांडवलावर हा सल्ला.

बुकिंगसाठी चौकशी वगैरे करत बसू नका. किनाऱ्यावर जो पहिला माणूस 'सर, आयलंड?' म्हणेल त्याच्या हातात पैसे ठेवा. माणशी पंधराशे. त्यात नाश्ता, डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, मासेमारी, जेवण, बिअर, आणि 'फोटो-व्हिडिओ एकदम फ्री, सर, संध्याकाळी व्हॉट्सॲप'. मी कोकणीत विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू लग्नाच्या पंगतीत यजमानच आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभा राहिलाय. गोंयकार आणि तिकीट काढून?

आठला बोलावलं तर आठलाच हजर राहा. बोट साडेदहाला सुटते. मधले अडीच तास नवरा-बायकोनं एकमेकांशी मनमोकळं बोलावं म्हणून ठेवलेले असतात. आमचं साडेआठपर्यंत संपलं.

जूनमध्ये येऊ नका, पावसाळ्यात बोटी बंद. समुद्राला तेवढीच सुट्टी.

जोडीनं जाताय, पण जोडीनं बसायला मिळेल असं मनात आणू नका. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, वजन बघून माणसं बसवतो. बायकोला पुढच्या बाकावर डाव्या काठाला जागा मिळाली, मला मागे उजवीकडे, इंजिनाच्या शेजारी. अख्खा प्रवास आम्ही खुणांनी बोललो. तिनं हात हलवला की मी हात हलवायचो. नंतर कळलं, ती माश्या हाकत होती.

नेरूलच्या किनाऱ्यावरून बोट निघाली की उजव्या हाताला आग्वाद लागतो. पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेला किल्ला. जहाजं इथं गोडं पाणी भरून घ्यायची, नावच पाण्यावरून पडलेलं. खाली पाण्याला लागून तुरुंग, ज्यात गोवा मुक्तीसाठी लढलेली माणसं डांबली होती. हे तुम्हांला कुणी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. माइकवाला पोरगा टेकडीवरचा हिरे व्यापाऱ्याचा बंगला दाखवतो, कुठल्या सिनेमाचं शूटिंग तिथं झालं ते सांगतो. सगळे मोबाइल बंगल्याकडे वळतात. तुरुंगाच्या भिंतीचा फोटो काढणारी बोटीत एकच बाई होती, आणि ती माझ्याच घरातली. मला बरं वाटलं, पण बाक लांब होता.

आता लाइफ जॅकेट. ते घालायचं नसतं, बसायला घ्यायचं असतं. बाक कडक असतात, खाली मऊ लागतं. घातलंच तर बोट किनाऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत घाला, मग काढून टाका. वास येतो, उकडतं, आणि मुख्य म्हणजे फोटोत माणूस जाड दिसतो. माझ्या पुढच्या बाकावरच्या नव्या नवरीला तिच्या नवऱ्यानं हेच सांगितलं. 'काढ गं, ड्रेस झाकला जातोय.' किती प्रेम! माझ्या बायकोच्या वाट्याला आलेल्या जॅकेटची क्लिप तुटलेली होती. दुसरं मागितलं तर पोरगा म्हणाला, "काकू, काही होत नाही." तिनं ओढणीनं करकचून बांधून घेतलं. बोटीतले चारजण तिच्याकडे बघून हसले. हसा तुम्हीही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. डॉल्फिन दिसला रे दिसला की उठा आणि ज्या बाजूला दिसला त्या बाजूला धावा. एकट्यानं धावू नका, सगळ्यांनी मिळून धावा. बाकावर चढा. काठावर उभे राहा. तांडेल मागून कोकणीत ओरडेल, "बसात! सगळीं सकयल बसात!" तो डॉल्फिनला सांगतोय असं समजा.

आमच्या बोटीत बत्तीस माणसं. काबोच्या टोकापुढे, तिथलं राज्यपालांचं निवासस्थान मागे पडत असताना, डाव्या अंगाला एक करडी पाठ पाण्यातून वर आली आणि परत गेली. आपल्या किनाऱ्याजवळ राहणारा हा डॉल्फिन पाठीवर कुबड असलेला, सर्कशीतल्यासारख्या उड्याबिड्या मारत नाही. पाठ दाखवतो आणि आपल्या कामाला जातो. त्या वीतभर पाठीसाठी वीस-बावीस माणसं एकदम डावीकडे धावली. एकजण काठावर उभा, एका हातात छपराचा पाइप, दुसऱ्या हातात काठीला अडकवलेला मोबाइल. बोट कलली. किती कलली सांगतो, माझ्या बाजूनं पाहिलं तर मला पाणी दिसेना, आभाळ दिसत होतं. आणि डावीकडे, पुढच्या बाकावर, काठाला चिकटून माझी बायको. तिच्या अंगावर चार माणसं ओणवी झालेली. तिचं जॅकेट ओढणीनं बांधलेलं. तिला पोहता येत नाही. मला येतं, पण मी मागे, आणि मध्ये बावीस पाठी. मी तिचं नाव घेऊन ओरडलो, ते इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

काठावरून पाणी आत आलं. फार नाही, बादलीभर. तांडेलच्या हाताखालचा पोरगा उड्या मारत पुढे गेला, दोघांच्या कॉलरी धरून त्यांना खाली बसवलं, मग बोट सरळ झाली. लोकांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या. 'वन्स मोअर' असंही कुणीतरी ओरडलं. मराठी माणूस, नाटकाची सवय.

मी हा लेख विनोदी लिहायला घेतला होता. थांबा, जमेल.

स्नॉर्कलिंगबद्दल थोडक्यात सांगतो. जाहिरातीत निळंशार पाणी आणि पिवळे मासे दिसतात, ते कुठल्या देशातले आहेत विचारू नका. आमच्याकडे मांडवी आणि झुआरी दोन्ही आपापला गाळ घेऊन शेजारी शेजारीच समुद्राला मिळतात, पाणी चहासारखं असायचं. नळी तोंडात द्यायची, एक पोरगा मानेला धरून डोकं पाण्यात दाबतो, तीस मोजतो, वर काढतो, पुढचा माणूस घेतो. मला एक मासा दिसला. तोही घाईत होता.

मासेमारी म्हणजे दोरा. तेवढंच.

बेटाविषयीही लिहायला हवं, नाव आयलंड हॉपिंग आहे ना. ग्रांद बेट आम्ही पाहिलं, लांबून. बोटीनं नांगर टाकला, समोर झाडी आणि काळे खडक, माइकवाला म्हणाला, 'दिस इज आयलंड', झालं. तिथून जेवायला एका वाळूच्या तुकड्यावर उतरवलं. हॉपिंग एवढंच, गुडघाभर पाण्यात. कारवारजवळच्या अंजदीव बेटाला जायचं बायकोच्या मनात होतं, पण ते नौदलाच्या ताब्यात आहे, तिथं कुणाला सोडत नाहीत. त्या बेटाचं नशीब.

जेवण झाल्यावर कागदी ताटल्या कुठं टाकायच्या हा प्रश्न पडू देऊ नका. सगळा समुद्र आहे. बिअरचे डबे नेम धरून खडकावर मारावेत. वेफर्सचं पाकीट फुगवून फोडावं आणि वाऱ्यावर सोडावं. काचेची बाटली वाळूत उलटी रोवावी, म्हणजे पुढच्या बोटीतलं पोर अनवाणी उतरलं की त्यालाही गोव्याची आठवण राहील. स्पीकर सोबत आणायला विसरू नका. पक्ष्यांना बीट कळत नाही, शिकवायला हवा.

तिथं सहाजणांचं एक टोळकं होतं, तिशीच्या आतलं, बोलण्यावरून साताऱ्या-कराडकडचं. बायकोनं मला डोळ्यांनीच दटावलं, माझं माहेर काढू नका. त्यातल्या एकाच्या टी-शर्टवर छातीभर शिवाजी महाराज. त्यानं बाटली संपवली, हात मागे नेला आणि पाण्यात भिरकावली. पाण्यात त्या वेळी बायका-पोरं होती. तेव्हा मात्र माझी बायको उठली. माहेरचा हेल सोळा वर्षांनी परत आला. "ए बाळा, ती बाटली काढ आधी. कुणाच्या पायात गेली तर? आणि छातीवर कोण आहे बघ जरा." पोरगा लाजला नाही, चिडलाही नाही. उलट समजूत घातल्यासारखा हसला. "काकू, टेन्शन नका घेऊ. गोव्यात सगळं चालतं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गाडीच्या खिडकीतून, हॉटेलच्या पायऱ्यांवरून, देवळाच्या तळीत पाय सोडून बसलेल्यांकडून. परवा ते माझ्या बायकोच्या तोंडावर फेकलं गेलं.

तर ऐका. नाही चालत. आमच्या गावात आम्ही राहतो. आमच्या आया राहतात, पोरं शाळेत जातात, सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागतो. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, चूल मांडून स्वयंपाक करणं हे कायद्यानं गुन्हा आहे. २०१९ मध्ये एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरला, २०२५ मध्ये तो पाच हजारांपासून लाखापर्यंत वाढवला. दंड होत नाही हा आमच्या पोलिसांचा नालायकपणा, तुमचा हक्क नव्हे. घरच्या गणपतीपुढे जे करणार नाही, आईसमोर जे बोलणार नाही, ते करायला घाट उतरून इकडे येता आणि वर सांगता की इथं चालतं. कुणी सांगितलं? आम्हांला विचारलंत?

आणि महाराज छातीवर घेऊन फिरता ना, मग एवढं तरी माहीत करून घ्या. मांडवीत दिवाडी नावाचं बेट आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ तिथलं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, लोकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, आणि १६६८ साली महाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं उभारलं. जुन्या गोव्याहून फेरीबोट जाते, चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. दिवाडी बघा, मग पलीकडे नार्व्याला जा. पण तिथं बिअर फ्री नाही, म्हणून तुम्ही जाणार नाही.

बोटीचंही राहिलंय. २०२४ च्या १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेली बोट नौदलाची स्पीडबोट आदळून बुडाली, पंधरा माणसं गेली. आठवडा होतो न होतो तोच नाताळच्या दिवशी आमच्या कळंगुटला बोट उलटली, एक माणूस गेला. तेव्हा व्हॉट्सॲपवर मेणबत्त्या पाठवणारे तुम्हीच, आणि परवा बाकावर चढून 'वन्स मोअर' ओरडणारेही तुम्हीच. माझी बायको त्या काठाला होती. मेल्यांनो, तुमचीही कुणाची तरी असेलच की.

तांडेल 'बसात' म्हणाला की खाली बसा. भाषा कळत नसेल तर त्याच्या हाताकडे बघा. जॅकेट घाला, बायकोला घालायला लावा, ड्रेस गेला उडत. क्लिप तुटलेली असेल तर दुसरं मागा. दुसरं नाही म्हणाले तर बोट सुटायच्या आत उतरा आणि पैसे परत मागा. मिळणार नाहीत, ते मी आत्ताच सांगतो. आमचा फ्री व्हिडिओसुद्धा अजून आलेला नाही.