गळालेली नोंद

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी पुन्हा तोच आकडा टाकला: 2022 मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. खाली भाष्य, "शिकूनच पोरं वाया गेली." लगेच सात अंगठे. इथे म्युनिकमध्ये रविवार, आवाज नको म्हणून भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. बसले उत्तर लिहायला.

आकडा खोटा नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालातला आहे. पण बेकार कोणाला म्हणतात? जो काम शोधतोय आणि ज्याला ते मिळत नाही त्याला. ज्याच्या घरी आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते तो शोधत बसत नाही. मिळेल ते उचलतो आणि कागदावर 'कामावर' लागतो. माझ्या चुलतभावानं मात्र हातातल्या दोन नोकऱ्या मनासारख्या नाहीत म्हणून नाकारल्या. काकांच्या पेन्शनमुळे त्याला ते परवडतं. म्हणजे काकांच्या आकड्यातला एक बेकार काकाच पोसतायत. हे अर्थात ग्रुपवर लिहिता येत नाही.

मी लिहिलं ते वेगळंच. आजचा बेकार पदवीधर पस्तिशीत कुठे असेल, ते बघा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेकारी 42 टक्क्यांच्या वर होती, पस्तिशीपुढे पाचाच्या खाली. तरी ती माणसं वेगळी, त्यांचा काळ वेगळा. खरं कळायचं तर वर्षानुवर्षं त्याच माणसाचं दार वाजवावं लागतं. यालाच पॅनेल म्हणतात. आमच्याकडे हे 1984 पासून चालू आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर एकीकरणाचीसुद्धा वाट न बघता जून 1990 मध्ये हे लोक पूर्व जर्मनीतल्या घरांत प्रश्नावली घेऊन पोचले होते. आपलं श्रमबळ सर्वेक्षण 2017 मधलं. शहरातल्या घरी चार खेपा, खेड्यात एकच. खेड्यात परत जायला 2025 उजाडलं.

'आमच्याकडे' जर्मनी आणि 'आपलं' भारताचं, हे पाठवल्यावर लक्षात आलं.

काही गोष्टी मी सोयीनं गाळल्याही. 2004-05 मध्ये गाठलेली भारतातली 41,554 घरं एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांनी 2011-12 मध्ये पुन्हा शोधली आणि सुमारे 83 टक्के सापडलीही. देशाचा पसारा बघता हे सोपं काम नव्हे. आणि ज्या जर्मन व्यवस्थेचे मी गोडवे गाते, तिनं मे महिन्यात माझ्या चौथीतल्या मुलीच्या हातात 2.66 लिहिलेला कागद ठेवला. गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, 2.33 लागतात; इथे आकडा जितका कमी तितका चांगला. दहा वर्षांची पोर. ग्रुपवर मी फक्त तिचा पोहण्याचा बिल्ला टाकला.

काकांनी उत्तर दिलं नाही. चुलतभावानं दिलं, वेगळं, फक्त मला. "ताई, तुझी आणि माझी डिग्री एकच आहे."

अर्थशास्त्रात याला फिक्स्ड इफेक्ट म्हणतात. पॅनेलमध्ये माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. त्याच्यात जे बदलत नाही ते सगळं वजा होतं. जात, आईचं शिक्षण, अंगची जिद्द. आणि गंमत म्हणजे एकदा घेतलेली पदवीसुद्धा. त्यामुळे शिक्षणाचा फायदा मोजायला ही पद्धत एकटी पुरत नाही. संशोधकांना जुळी भावंडं शोधावी लागतात, नाहीतर एखाद्या भागात अचानक उघडलेल्या शाळा. माझ्या पगाराला ही पद्धत लावली तर? पुण्यातही तीच पदवी होती, इथेही तीच. बदलला फक्त देश. काकांना मी इतकी वर्षं शिक्षणाचा दाखला म्हणून स्वतःलाच दाखवत आले, आणि पगार वाढवला होता एका व्हिसानं. चुलतभावाला काय लिहायचं ते सुचलं नाही. अंगठा टाकला.

गेल्या महिन्यात आईकडे सर्वेक्षणाचा माणूस आला होता. घरात किती माणसं, विचारलं. आईनं माझंही नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, स्पेलिंगसकट. त्यानं विचारलं, सहा महिन्यांच्या आत परत येणार आहेत का त्या?

"मग?" मी फोनवर म्हटलं.

"मग काय, चहा दिला त्याला," आई म्हणाली. "तू उन्हाळ्यात येतेयस ना?"