क्रेमाँ म्हणजे सोडा मारलेली वाइन नव्हे

डिसेंबर लागला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘शॅम्पेन परवडत नसेल तर दुसऱ्या फ्रेंच स्पार्कलिंगच्या नादी लागू नका. सगळी नक्कल! गॅस भरलेली, गोडमिट्ट, सकाळी डोकं धरणारी.’

आधी गॅसचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्याच जिवावर उभं आहे. शॅम्पेन प्रांताबाहेर फ्रान्सच्या आठ भागांत ‘क्रेमाँ’ ही फसफसती वाइन बनते. अल्सास, बूर्गोन्य, ल्वार, लिमू ही त्यांतली ओळखीची नावं. तयार वाइन बाटलीत भरायची, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालायचं, झाकण ठोकायचं आणि बाटली तळघरात आडवी टाकायची. यीस्ट साखर खातं. वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. पुढे बाटल्या फिरवत फिरवत उलट्या करतात, म्हणजे मेलेल्या यीस्टचा गाळ मानेत उतरतो. मान गोठवून झाकण काढलं की गोठलेला गाळ आतल्या दाबानं फट्‌दिशी बाहेर उडतो. शॅम्पेनही अशीच बनते. द्राक्षं हातानंच तोडायची, हा नियमही दोघींना सारखाच.

फरक आहे तो मुरवण्यात. क्रेमाँला गाळावर किमान 9 महिने, साध्या शॅम्पेनला 12, आणि बाटली भरल्यापासून बाजारात यायला 15. पण दुप्पट-तिप्पट किंमत काही या तीनेक महिन्यांची नसते. त्यात शॅम्पेनमधल्या जमिनीचा भाव येतो, आणि नावाचाही. बाहेरून गॅस मारलेली वाइन फ्रान्समध्ये मिळते, नाही असं नाही. पण तिच्या लेबलवर ‘गाझेइफिए’ असं छापावंच लागतं. तेवढं वाचा, फसणार नाही.

आता नक्कल. वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याबद्दल क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज डॉक्टरनं 1662 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत लिहून दिलं. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो भिक्षू दोम पेरिन्याँ ओव्हिलेच्या मठात आला 1668 मध्ये, आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणूनच तो झटत होता! ‘क्रेमाँ’ हा शब्दही एके काळी खुद्द शॅम्पेनमध्येच कमी दाबाच्या वाइनसाठी वापरत. आणि क्रेमाँ इतकी हलक्या प्रतीची असती, तर बोलँजेसारख्या शॅम्पेनच्या बड्या घराण्यानं 1973 मध्ये ल्वारमधलं क्रेमाँ बनवणारं लाँग्लवा-शातो कशाला घेतलं असतं?

गोडव्याचा किमतीशी संबंध नाही. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, मग बाटली कुठलीही असो. गंमत म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ब्रूटपेक्षा गोड असते. इथे भले भले चुकतात. डोकेदुखीचं म्हणाल, तर ग्लास मोजा.

एक गोष्ट मात्र कबूल. तीन वर्षं आणि त्याहून जास्त मुरलेल्या व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांच्या, शॅम्पेनला भाजलेल्या पावाचा, सुक्यामेव्याचा जो वास येतो, तो दहा-बारा युरोंच्या क्रेमाँकडे मागू नये. पण तसली व्हिंटेज बाटली कोण कशाला उघडतं, पंधरा माणसांच्या गडबडीत?

तिथे मी ल्वारची ब्रूट घेईन. शेनँ द्राक्षाचा आंबटपणा तळणीबरोबर झकास जमतो, बटाटेवड्याबरोबरही. केक कापायचा असेल तर मात्र ब्रूट नको, केकपुढे ती नुसती आंबट लागते. ‘दमी-सेक’, म्हणजे गोडसर, असं लिहिलेली शोधा.