युनिफॉर्म घातला की सगळी सारखी?

बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, हायस्कूलमधली ग्रुपबाजी आणि श्रीमंत-गरीब प्रेम दाखवणारे अमेरिकन सिनेमे मुलांना बिघडवतात. आपल्या शाळांत असले भेद नाहीतच, युनिफॉर्ममुळे सगळी सारखी. तेव्हा मुलींचे मोबाइल तपासा. वहिनींनी तो वाचला आणि नववीतल्या भाचीचा मोबाइल कपाटात गेला. म्हणून हे लिहितेय.

युनिफॉर्मचा मुद्दा आधी घेते, कारण तो धडधडीत खोटा आहे. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून बघा. शर्ट एकच असतो, पण कोण रिक्षात कोंबून जातं आणि कोणासाठी ड्रायव्हर थांबलेला असतो, अलकापुरीसारख्या श्रीमंत भागातल्या वाढदिवसाला कोणाला बोलावलं नाही, नवरात्रात गरब्याच्या मोठ्या मैदानाचा महागडा पास कोणाला परवडला, हे मुलांना तोंडपाठ असतं. भाचीची एक मैत्रीण आहे. तिला गाडीतून सोडायला गेलं की जुन्या शहरातल्या न्यायमंदिराच्या कोपऱ्यावरच उतरते. 'काकू, इथंच थांबवा, पुढे गाडी जात नाही.' गाडी जाते. तिला घर दाखवायचं नसतं.

१९८६ च्या 'प्रिटी इन पिंक' या अमेरिकन सिनेमातली गरीब घरची अँडी हेच करते. श्रीमंत ब्लेन घरी सोडतो म्हणाला तर ती नको म्हणते, आपण कुठे राहतो ते त्याला दिसू नये म्हणून. आमच्या या मुलीने तो सिनेमा पाहिलेलाही नाही. मग हे तिला कोणी शिकवलं?

आणि सगळी सारखीच होती, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात, हे कलम का घालावं लागलं? शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ मध्ये न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ते कायम ठेवलं. त्यातही मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीत फी भरायची वेळ आली की आपण कोण, हे त्या पोरांना नीट कळतं.

श्रीमंत-गरीब प्रेम ही परदेशी कल्पना? 'बॉबी' १९७३ चा, 'जो जीता वही सिकंदर' १९९२ चा, 'टाइमपास' २०१४ चा. पुढे बोलायलाच नको.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. चष्मा काढला, केस सोडले की मुलगी 'सुंदर' होते आणि मगच हिरो वळून बघतो, हा १९९९ च्या 'शीज ऑल दॅट'मधला प्रकार मलाही संताप आणतो. खुद्द अँडीची भूमिका करणाऱ्या मॉली रिंगवाल्डने २०१८ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये आपल्या 'द ब्रेकफास्ट क्लब' आणि 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये मुलींना कसं वागवलंय यावर परखड लिहिलं. पण ते तिला खुपलं कधी? स्वतःच्या लहान मुलीशेजारी बसून 'ब्रेकफास्ट क्लब' पाहिल्यावर. तिने कपाटाला कुलूप लावलं नाही.

मेसेजमध्ये मुलग्यांच्या मोबाइलबद्दल अवाक्षर नाही. चोरून बघायची सवय असे मोबाइल काढून घेतल्यानेच लागते, आणि खरंच काही घडलं तर तीच मुलगी घरात तोंड उघडत नाही.

वहिनी, भाचीला मोबाइल आजच परत द्या. ती कोणता सिनेमा बघत होती ते तिलाच विचारा आणि तिच्या शेजारी बसून पूर्ण बघा. आणि तो मेसेज जिथे जिथे पुढे पाठवलात, तिथे हाही पाठवा.