शंभर झूमचे काका

एक कॅमेरा आणि तीन लेन्स घेऊन हिंडणाऱ्याच्या नशिबी एक गोष्ट लिहिलेली असते. जी लेन्स लावलेली असते, ती त्या वेळी नको असते. जवळची 18-55 लावावी तर पक्षी पार पलीकडच्या काठाला. लांबची 70-300 लावावी तर तोच पक्षी मांडीवर बसायच्या बेतात. तिसरी ती 50ची, 'असू दे' म्हणून घेतलेली, बॅगेत नुसती गडगडते. 'दुसरी कॅमेरा-बॉडीच घेऊन टाका ना' असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावं.

तर परवा भिगवणला गेलो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत अशी बातमी होती. अख्खी होडी करणं परवडेना, म्हणून एका कुटुंबात घुसलो. काका, काकू, जावई आणि नात. जावई शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. शहाणा माणूस.

होडी हलायच्या आत काकांनी विचारलं, "किती झूम?"

"तीनशे."

"तीनशे पट?"

"नाही, मिलिमीटर."

काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे तीस सेंटिमीटर." मग काकूंकडे वळून, "अगं, फूटपट्टीएवढं." आणि खिशातून मोबाईल काढला. "याला शंभर आहे. शंभर पट!"

मी म्हटलं, माझ्या कॅमेऱ्यात फोटो उमटतो तो सेन्सर लहान आहे, त्यामुळे तीनशेची लेन्स साडेचारशेसारखी दिसते.

"लहान घेतलात होय?" काकू मनापासून हळहळल्या.

एवढ्यात नावाड्याने पाण्यावर शेव भिरकावली आणि कुरवांचा थवा डोक्यावर आला. हे एक मला सहन होत नाही. मध्य आशियातून उडत आलेल्या पक्ष्याला तिखट शेव चारायची, त्याचा फोटो काढायचा आणि वर निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायचं. मी तसं बोललो. नावाडी म्हणाला, "सर, नाय टाकली तर लोकं दुसऱ्या होडीत बसत्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे 70-300 होती आणि तिच्यातून कुरवाचा एक डोळा आणि अर्धी चोच एवढंच दिसत होतं.

म्हणून लेन्स बदलायला घेतली. हलत्या होडीत याचं एक शास्त्र आहे. वाऱ्याकडे पाठ करायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं, आणि धुळीचा कण आत जाऊ द्यायचा नाही. एकदा का तो सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोच्या आभाळात तुम्हाला भेटतो. लेन्सचं मागचं झाकण ठेवायला जागा नसल्यामुळे ते मी दातात धरलं होतं.

"अहो, हे उघडं पडलंय!" काका ओरडले. मग वाकून, खालून आत बघत, "आरसा आहे आत! पिंकू, आरसा बघ!"

पिंकूने बोट पुढे केलं. त्या बोटाला शेवेचं तेल लागलेलं मला स्पष्ट दिसलं. लाल, चकचकीत, आरशापासून दोन इंचांवर. दातात झाकण असल्यामुळे मला फक्त "अं! अं!" एवढंच म्हणता आलं.

नेमक्या त्याच घटकेला दुसऱ्या कुणीतरी होडी थेट थव्यात घातली आणि रोहित उठले. उभा रोहित तसा पांढरटच. त्याचे लालभडक पंख आणि काळी किनार दिसते ती तो उडतो तेव्हा. शिवाय तो एकदम उडत नाही, आधी पाण्यावरून चांगला धावतो. म्हणजे फोटोवाल्याला तयारीला वेळ देतो. त्या वेळात माझ्या एका हातात बॉडी, दुसऱ्या हातात 18-55, दातात झाकण आणि समोर पिंकूचं बोट.

काकांनी मोबाईल वर केला. टक्.

"आला," ते म्हणाले. नुसतं, जसं काही एसटी आली. "आता तुम्ही ती छोटी लावलीच आहे, तर आमचा एक फॅमिली काढा."

काढला. उभा, आडवा, काकूंचा गॉगलसकट, गॉगलशिवाय. गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की माणूस फुकटचा असतो, अशी लोकांची ठाम समजूत आहे. नळदुरुस्तीवाल्याला कुणी असं वाटेत थांबवतं का? जेवताना चिलापी माशाच्या ताटावरून काका शेजारच्या टेबलाला मोबाईल दाखवत होते. "साहेबांचा त्या वेळी उघडा होता," असा खुलासा माझ्याकडे हात करून.

आता रोज सकाळी सहाला त्यांचा रोहित मला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. खाली गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ'. फोटो चांगला आहे, हेच तर दुखणं. आज त्याखाली एक ओळ होती: 'आमचे फॅमिलीचे कधी पाठवता? डॉक्युमेंटमध्ये पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.'