परदेशातून : दोघेच असताना

मायदेशातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद फिरून फिरून निघतो. मंडळीतल्या कुणाचं चुकलं तर ते चारचौघांत सांगावं की खाजगीत? जाहीर बोलावं म्हणणारे बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पुढे करतात, कारण तिथे प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांदेखत सुनावलं होतं. खाजगीवाले मत्तय 18:15-17 काढतात: आधी एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय व जकातदार यांच्यासारखा, म्हणजे बाहेरचा, होवो. हा वाद बहुधा फोनवरच्या ग्रुपमध्ये, दोनशे लोकांसमोर रंगतो, ही गंमत कुणाच्या ध्यानात येत नाही.

इथे परदेशात असला वाद होत नाही, कारण कुणी कुणाला काही बोलतच नाही. दुखावलेलं कुटुंब पुढच्या रविवारी दुसऱ्या मंडळीत दिसतं. तिकडे तिसऱ्या पायरीवरून सुरुवात, इकडे पहिल्या पायरीलाही पाय लागत नाही. मला दोन्हींत एकच चूक दिसते. पहिली पायरी दोन्हीकडे गाळली जाते आणि वचनाचा भर तिच्यावरच आहे.

पेत्राचा दाखला इथे लागू पडत नाही. त्याने परराष्ट्रीयांबरोबर जेवणं सोडलं ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणि त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही वाहवत गेला. जाहीर चुकीला जाहीर उत्तर मिळालं. उसने पैसे, वारसाहक्क, कुणी पाठीमागे काढलेला शब्द या गोष्टी त्या जातीच्या नाहीत. आणखी एक बारकावा आहे. मत्तय 18:15 मधल्या ‘तुझा अपराध केला’ यातला ‘तुझा’ हा अर्थ देणारे शब्द सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. ते वगळले तर कुणाच्याही कुठल्याही चुकीची चौकशी करायला मोकळं रान मिळतं. पण त्याच अध्यायात, एकविसाव्या ओवीत, पेत्र विचारतो की माझ्या भावाने माझा अपराध किती वेळा केला तर क्षमा करावी. तेव्हा रोजच्या व्यवहारात अरुंद अर्थच धरावा: ज्याचं नुकसान झालं त्याने जावं.

आणि ज्याने केलं त्यानेही. मत्तय 5:23-24 म्हणतं, वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलचे, वेदी यरुशलेमात, म्हणजे पायी काही दिवसांची वाट. दोन्ही वचनं एकत्र ठेवली तर ‘त्याने आधी यावं’ हे म्हणायला कुणालाच जागा उरत नाही.

जाण्याआधी एकच प्रसंग निवडावा, तारखेसकट. काय पाहिलं आणि काय ऐकलं तेवढंच बोलावं. ‘तू नेहमीच असा’ म्हटलं की समोरचा प्रसंगाचं उत्तर न देता स्वतःच्या स्वभावाची वकिली करू लागतो, आणि बोलणं तिथेच संपतं. मेसेज फक्त वेळ ठरवायला वापरावा. लेखी तक्रारीला आवाज नसतो आणि ती पुढे पाठवता येते, म्हणजे ‘दोघेच’ राहत नाहीत. ‘सूर्य मावळण्यापूर्वी’ या इफिस 4:26 मधल्या शब्दांचा अर्थ काही जण त्याच रात्री दार ठोठावायचं असा घेतात. पण पौल त्याच ओवीत ‘रागावा, पण पाप करू नका’ हे चौथ्या स्तोत्राचे शब्द वापरतो, आणि ते स्तोत्र अंथरुणात मनाशी विचार करून स्तब्ध राहायला सांगतं. संध्याकाळपर्यंत खाली ठेवायचा तो राग. भेट दोन-चार दिवसांनी झाली तरी चालेल. दोन-चार महिन्यांनी मात्र नाही.

दुसऱ्या पायरीवर सगळ्यात जास्त घोळ होतो. सोबत नेतात ती आपल्याच बाजूची माणसं. दोन-तीन साक्षीदारांचा नियम अनुवाद 19:15 मधला आहे आणि त्याच्या पुढच्याच ओव्या खोट्या साक्षीदाराला शिक्षा सांगतात, म्हणजे तक्रार करणाराही चुकीचा असू शकतो हे त्यात धरलेलंच आहे. साक्षीदाराने दोघांचं ऐकायचं असतं. परदेशातल्या वीस-पंचवीस कुटुंबांच्या मंडळीत तटस्थ माणूस मिळणं कठीण. मग दुसऱ्या भाषेच्या मंडळीतला वडील, म्हणजे तिथला जबाबदार ज्येष्ठ, बोलवावा. भाषा अडते खरी, पण नातीगोती अडत नाहीत.

भरपाईबद्दल मात्र दोन्हीकडे चिडीचूप. लेवीय 6:1-5 आणि गणना 5:7 स्पष्ट सांगतात की मूळ रक्कम पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा. शंभर बुडवले असतील तर एकशेवीस परत, आणि दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचं अर्पण, त्यानंतर. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. इथे ‘सॉरी’ फुकट मिळतं, तिकडे वडीलधारे ‘जाऊ दे, माफ कर’ म्हणून हात जोडायला लावतात. पैसे दोन्हीकडे अडकलेलेच राहतात. अब्रूचं नुकसान केलं असेल तर ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापुढेच ते मागे घ्यावं. खाजगीत मागितलेली माफी तिथे पुरत नाही.

या पायऱ्या जिथे अजिबात लावायच्या नाहीत, ती जागा म्हणजे मुलांचं लैंगिक शोषण आणि घरातली मारहाण. पीडितेला ‘आधी एकटी जाऊन बोल’ सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्याच हाती देणं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय न्यायालयात जाऊ नका म्हणतो, पण त्याचा विषय क्षुल्लक, देण्याघेण्याचे तंटे आहेत. भारतात 2012 च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याने मुलांवरचा लैंगिक गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. पाळक, म्हणजे मंडळीचा पाद्री, त्यातून सुटत नाही. ‘मंडळीतलं मंडळीत’ म्हणणारे वडील मत्तयाचा आधार घेतात तेव्हा ते वचनही मोडतात आणि कायदाही.

राहिला मत्तयाच्या त्या वचनातला शेवटचा शब्द, ‘जकातदार’. हे शब्द ज्याच्या शुभवर्तमानात आहेत तो मत्तय जकातनाक्यावरच बसलेला होता, आणि येशू त्याच्या पंगतीला जेवला. तेव्हा त्या माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवणं समजू शकतं, पण त्याचा नमस्कार टाळणं समजत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या एकाबद्दल लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडेल. मायदेशातल्या मंडळ्यांत नाव कमी करायला एक सभा पुरते. ते परत घ्यायचं कोणी, कधी आणि कशावरून, हे ठरावात लिहिलेलं नसतं. इकडे तर ठरावच नसतो. खुर्ची रिकामी दिसते आणि तीन आठवड्यांनी तिथे दुसरं कुणी बसतं.